तलवारीला धार लावणारे हात सतारीकडे वळले : मिरजेच्या फरीदसाहेबांची कहाणी

नाशिक : आपल्याकडे सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलतो, पण वीणा कुणाच्या तरी गळ्यात असतेच. तारेचं वाद्य आपल्याला असं घरचं. ते घडवणारा कारागीर मात्र सहसा माहीत नसतो. अशाच एकाची ही ओळख.

फरीदसाहेब हे मिरजेचे शिकलगार. तलवारी, भाल्यांना धार लावायची, हा पिढीजात धंदा. इंग्रजांचं राज्य आलं, लढाया थांबल्या, हत्यारांचं काम आटलं. मिरजेत तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं. दरबारात गवई-वादक यायचे, त्यांची वाद्यं बिघडायची. फरीदसाहेबांनी ती दुरुस्तीला घेतली. दुरुस्ती करता करता रचना कळत गेली आणि १८५० च्या सुमारास ते स्वतःच सतार, तंबोरे बनवू लागले.

यातलं अर्धं काम शेतातलं आहे. वाद्याला लागतो कडू भोपळा, तो येतो पंढरपूर भागातल्या भीमाकाठच्या शेतातून. तो खायचा नाही, पूर्ण पिकवून कडक वाळवायचा. मग भिजवून कापायचा, आतला गर-बी काढायचं आणि वर लाकडाची दांडी बसवायची. सगळ्यात नाजूक काम जवारीचं. ही आपली खायची जवारी नव्हे. तार ज्या घोडीवर टेकते, ती कानसीनं इतकी बारीक घासायची की तार तिला हलकी स्पर्शत राहील. त्यातूनच तंबोऱ्याचा गुंजता आवाज निघतो. कानस थोडी जास्त फिरली की आवाज बसला. धार ओळखणारा हात इथं कामी आला.

पुढे मिरज संगीताचं गाव झालं. अब्दुल करीम खाँ तिथंच राहिले. पंचवटीत आश्रम काढणारे विष्णु दिगंबर पलुस्कर गाणं शिकले ते मिरजेतच.

फरीदसाहेबांच्या वंशातली माणसं आजही सतारमेकर म्हणून ओळखली जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या लासलगावच्या कांद्याला आणि नाशिकच्या द्राक्षाला आहे, तेच. चालता धंदा बसला, तेव्हा एका शिकलगारानं हातातली कानस खाली ठेवली नाही, म्हणून हे दिवस दिसले.