गार्सिया द ओर्ता : प्रत्यक्षाचे प्रामाण्य

गार्सिया द ओर्ता याचा जन्म इ. स. १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील काश्तेलु द व्हिद या स्पेनच्या सीमेलगतच्या गावी झाला. १४९२ मध्ये स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यूंपैकी त्याचे आईवडील होते. १४९७ मध्ये पोर्तुगालमधील ज्यूंवरही ख्रिस्ती धर्म लादण्यात आला. त्यामुळे ओर्ता जन्मला तो 'नवख्रिस्ती' म्हणून, म्हणजे कायमचा संशयित म्हणून. सालामांका व आल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि पुढे लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले. मार्च १५३४ मध्ये तो मार्तीं आफोंसु द सोझा याच्या आरमाराबरोबर निघाला व सप्टेंबरमध्ये गोव्यास पोहोचला. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, स्थापना झाली ती त्यानंतर दोन वर्षांनी, १५३६ मध्ये.

गोव्यात त्याने सुमारे चौतीस वर्षे वैद्यकी केली, औषधी द्रव्यांचा व्यापार केला आणि बाग जोपासली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी तो चिकित्सक म्हणून जात असे. तेथील हकीम अरबी वैद्यकात मुरलेले होते. त्यांच्याशी बोलताना एकेका द्रव्याची अरबी नावे तो पडताळून पाही. पुढे मुंबई बेट त्याला पोर्तुगीज सत्तेकडून खंडाने मिळाले. तेथील त्याच्या आम्रवृक्षाला वर्षातून दोनदा फळे येत, असे त्याने नमूद केले आहे.

त्याचा एकमेव ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. भारतातील वनस्पती व औषधी द्रव्यांवरील हे संवाद लॅटिनमध्ये नसून पोर्तुगीजमध्ये आहेत. त्यातील एक वक्ता स्वतः ओर्ता, तर दुसरा स्पेनहून नुकताच आलेला रुआनु नावाचा कल्पित विद्वान. रुआनु ग्रीक व रोमन आचार्यांचे दाखले देतो. ओर्ता आपण पाहिलेले, हुंगलेले, चाखलेले त्यासमोर ठेवतो. दासी आंतोनिया नमुने आणून देते. मालुपा हा हिंदू वैद्यही एका प्रसंगी येतो. प्राचीन आचार्य चुकले, असे उघडपणे म्हणणे यूरोपात राहून आपल्याला कठीण गेले असते, याची जाणीव ग्रंथकाराला होती. म्हणून येथे संवाद हा केवळ अलंकार नव्हे. रुआनु हे ओर्ताचेच पूर्वीचे, ग्रंथांवर पोसलेले मन होय, आणि सबंध ग्रंथ म्हणजे त्या मनाशी केलेला वाद होय.

या पद्धतीचे फळ वनस्पतींच्या वर्णनात दिसते. चोर अन्नातून धोत्रा घालतात. मग खाणारा हसतच राहतो, विचारल्यास सरळ उत्तर देत नाही, आणि अंगावरचे दागिने कोणी काढून घेतले तरी त्याला भान नसते, असे ओर्ता सांगतो. धोत्र्यातील हायोसायमीन व स्कोपोलामीन ही अल्कलॉइडे एकोणिसाव्या शतकात वेगळी करण्यात आली. ती मज्जासंस्थेतील असेटिलकोलीन या द्रव्याचे कार्य रोखतात, असा त्या लक्षणांचा आज उलगडा होतो. भांगेच्या प्रकरणात गुजरातच्या सुलतान बहादुरशहाची हकीकत आहे : रात्री पोर्तुगाल, तुर्कस्तान किंवा इराण पाहण्याची इच्छा झाली की तो थोडी भांग घेई. या मनःप्रवासाला कारणीभूत असलेले टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हे संयुग शुद्ध स्वरूपात हाती आले ते १९६४ मध्ये. अतिसारावरील मलबारची एक वनस्पतीही ओर्ताने वर्णिली आहे. अभ्यासक ती आपला कुडा, संस्कृतातील कुटज, असल्याचे मानतात. तिच्या सालीतील कोनेसीन हे आमांशाच्या अमीबावर परिणाम करणारे अल्कलॉइड होय. संयुगे ओर्ताला ठाऊक असणे शक्यच नव्हते. त्यांची लक्षणे मात्र त्याने बिनचूक टिपली.

भाषांच्या अभ्यासकाला यात आणखी एक ठेवा सापडतो. ओर्ता द्रव्यांची नावे प्रदेशवार देतो. जाक हा शब्द तो मलबारचा म्हणून नोंदवतो, तर फणस हा गोवा व गुजरातकडचा म्हणून. त्याच्या मर्यादाही उघड आहेत. तो संस्कृत शिकला नाही. चरक-सुश्रुतांपर्यंत तो पोहोचला नाही. स्थानिक वैद्यांना शरीररचना ठाऊक नाही, असे तो बेधडक म्हणतो, आणि तरीही त्यांच्या अनुभवातून उपचार उचलतो. याच ग्रंथात कामोंइशची एक कविता आहे. त्या महाकवीची छापली गेलेली ती पहिली कविता होय.

गोव्यात छापलेला हा ग्रंथ यूरोपभर वाचला गेला तो मात्र दुसऱ्याच रूपात. क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये अँटवर्पहून त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला. त्यात माहिती राहिली. रुआनु, आंतोनिया व मालुपा गेले. सालीतून अल्कलॉइड काढून घ्यावे आणि चोथा टाकून द्यावा, तसे हे झाले. उपयुक्तता वाढली यात शंका नाही. परंतु ज्ञान कोणाच्या तोंडून, कोणाच्या हातून आणि कोणत्या शंकेला उत्तर म्हणून आले, हे नाहीसे झाले.

ओर्ता १५६८ मध्ये गोव्यात मरण पावला. तेथे इन्क्विझिशन १५६० पासून सुरू झाले होते. १५६९ मध्ये त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये त्याच आरोपाखाली ओर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळल्या गेल्या. वनस्पतींविषयी डोळ्यांनी पाहिलेले निर्भयपणे सांगणाऱ्या या माणसाला स्वतःच्या श्रद्धेविषयी आयुष्यभर मौन पाळावे लागले. ग्रंथात त्याने रुआनुला दिलेला प्रतिप्रश्नाचा अधिकार त्याला स्वतःला जिवंतपणी वा मृत्यूनंतरही मिळाला नाही.