सुंग त्सू

माशी हा आपल्या नित्य परिचयाचा जीव आहे. ती ताटावर बसली की आपण तिला हाकलतो आणि पुन्हा तिचा विचारही करीत नाही. अशा क्षुद्र जीवाची साक्ष न्यायाच्या कामी येईल, हे कोणाला खरे वाटेल? परंतु सुमारे पावणेआठशे वर्षांपूर्वी चीन देशातील एका न्यायाधिकाऱ्याने अशी साक्ष आपल्या ग्रंथात आदराने नोंदवून ठेवली. त्याचे नाव सुंग त्सू.

सुंग त्सूचा जन्म इ. स. ११८६ मध्ये फुजियान प्रांतातील जिआनयांग या गावी झाला. त्याचे वडीलही सरकारी अधिकारी होते. त्या काळी चीनमध्ये मोठा हुद्दा मिळवायचा, तर अतिशय कठीण परीक्षा द्यावी लागे. सुंग त्सू १२१७ साली राज्याची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला. परंतु वडील आजारी पडल्यामुळे त्याला पहिल्या नेमणुकीवर जाता आले नाही. पुढे सुमारे नऊ वर्षांनी तो राज्याच्या सेवेत रुजू झाला. आपल्या आयुष्यात त्याने चार वेळा वरिष्ठ न्यायाधिकाऱ्याचे पद भूषविले.

ग्वांगडोंग प्रांतात तो गेला, तेव्हा तेथील न्यायाचा कारभार अगदी ढिला होता. कित्येक कैदी वर्षानुवर्षे तुरुंगात खितपत पडले होते. त्यांची साधी चौकशीही झाली नव्हती. सुंग त्सूने कामाची मुदत ठरवून दिली आणि स्वतः कागदपत्रे तपासली. अवघ्या आठ महिन्यांत त्याने दोनशेहून अधिक कैद्यांच्या प्रकरणांचा निकाल लावला.

हे काम करताना त्याला एक गोष्ट वारंवार दिसून आली. एखादा मनुष्य संशयास्पद रीतीने मरण पावला, म्हणजे अधिकाऱ्याने प्रेताची तपासणी करावी असा नियम होता. परंतु दुर्गंधीच्या तिटकाऱ्याने कित्येक अधिकारी दूरच बसून राहत आणि हाताखालचे लोक सांगतील ते लिहून घेत. ते लोक कधी अज्ञानाने चुकत, तर कधी लाच खाऊन खोटे सांगत. त्या काळी संशयितास मारहाण करून कबुली घेण्याचीही चाल होती. पहिल्याच तपासणीत चूक झाली, तर पुढचा सारा न्याय चुकणार आणि एखाद्या निरपराध्याचा जीव जाणार! हा विचार सुंग त्सूला स्वस्थ बसू देईना. म्हणून जुन्या ग्रंथांतील ज्ञान व स्वतःचा अनुभव एकत्र करून त्याने १२४७ साली एक ग्रंथ सिद्ध केला. अन्याय धुऊन काढण्यासाठी केलेल्या नोंदींचा संग्रह, असा त्याच्या नावाचा अर्थ आहे.

या ग्रंथात एका खेड्यातील खुनाची हकीकत आहे. एक मनुष्य रस्त्याच्या कडेला मरून पडलेला आढळला. त्याच्या अंगावर विळ्याचे दहाहून अधिक घाव होते. परंतु कपडे व चीजवस्तू जागच्या जागी होत्या. तेव्हा हे चोराचे काम नसून वैऱ्याचे असावे, असे तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने ओळखले. त्याने मृताच्या पत्नीकडे विचारपूस केली. नुकताच एक मनुष्य पैसे उसने मागण्यास आला होता व त्याला ते मिळाले नव्हते, एवढेच तिला ठाऊक होते.

अधिकाऱ्याने त्या मनुष्यास लगेच पकडले नाही. आसपासच्या सर्व लोकांनी आपापले विळे आणून हजर करावेत, असा हुकूम त्याने सोडला. सत्तरऐंशी विळे जमिनीवर ओळीने मांडले गेले. दिवस उन्हाळ्याचे होते. थोड्याच वेळात माशा उडत आल्या आणि त्या सर्व विळ्यांतून एकाच विळ्यावर जाऊन बसल्या! तो विळा त्या पैसे मागणाऱ्या मनुष्याचाच निघाला. पाते पुसलेले असले, तरी रक्ताचा अंश व वास त्याला चिकटून होता. डोळ्यांना न दिसणारे रक्त माशांना कळले. अखेर त्या मनुष्याने मान खाली घालून अपराध कबूल केला.

मृत्यूला किती दिवस झाले, हे ओळखण्याच्या खुणाही सुंग त्सूने ऋतुवार दिल्या आहेत. उन्हाळ्यात साधारण तिसऱ्या दिवशी प्रेताच्या नाकातोंडात अळ्या दिसू लागतात. हिवाळ्यात सारे बदल सावकाश होतात. कडक थंडीतील पाच दिवस हे कडक उन्हाळ्यातील एका दिवसाबरोबर समजावेत, असे त्याने लिहिले आहे. नाकातोंडात अळ्या नसून त्या दुसऱ्याच जागी आधी दिसल्या, तर तेथे जखम असली पाहिजे, हेही त्याने सांगितले. प्रांताप्रांतांचे हवामान वेगळे असल्यामुळे प्रत्येक वेळी नीट पाहूनच निर्णय करावा, अशी सावधगिरीची सूचना द्यायलाही तो विसरला नाही.

ग्रंथ पूर्ण झाल्यावर दोनच वर्षांनी, १२४९ साली, सुंग त्सू मरण पावला. त्याच्या ग्रंथातील सर्वच गोष्टी आजच्या शास्त्राला मान्य नाहीत. माणसाच्या शरीरात ३६५ हाडे असतात, असे त्यात म्हटले आहे. वस्तुतः प्रौढ माणसाच्या शरीरात ती २०६ असतात. तरीही चीनमधील अधिकाऱ्यांना हा ग्रंथ कित्येक शतके मार्गदर्शक ठरला.

अळ्या मांसातून आपोआप उत्पन्न होत नाहीत, त्या माशीच्या अंड्यांतून निघतात, हे इटलीतील फ्रांचेस्को रेडी याने १६६८ साली प्रयोगाने दाखवून दिले. अंडे, अळी, कोष आणि माशी या प्रत्येक अवस्थेस किती काळ लागतो, हे आज शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. प्रेतावर सापडलेल्या अळीचे वय आणि तेथील उष्णतामान यांवरून ते मृत्यूच्या वेळेचा अंदाज बांधतात. या विद्येला न्यायसहायक कीटकशास्त्र म्हणतात.

सुंग त्सूजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता की प्रयोगशाळाही नव्हती. जेथे इतर लोक नाक दाबून दूर सरत, तेथे तो जवळ जाऊन पाहत असे, कारण आपल्या एका चुकीची किंमत दुसऱ्या कोणाला तरी प्राणाने चुकवावी लागेल, हे तो जाणून होता.