मूर्तीतून वाचावयाचे तथागतांचे चरित्र



तुडीलहून महाडला येऊन मुंबईच्या रस्त्याला लागलात, की गांधारपाले गावावरच्या डोंगरात लेणी दिसतात. आपले लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, परंतु पांडवांचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. सुमारे १८०० वर्षांपूर्वी ती भिक्खूंच्या निवासासाठी कोरली गेली. तेथील पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात भगवान बुद्धांची मूर्ती आहे व तिच्याखाली चक्र आणि हरणे कोरलेली आहेत. बुद्धांच्या पायाशी हरणे का, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे काय?

धम्मदीक्षेनंतर आपल्या घरातही बुद्धमूर्ती आली. पण कोणी तिच्यापुढे नारळ फोडतो, कोणी नवस बोलतो. मी बी. ए.च्या परीक्षेला बसलो तेव्हा माझ्या आईनेही हेच केले होते. तिला दोष कसा द्यावा? जुने देव घरातून गेले, पण जुनी सवय राहिली. आणि मूर्तीचा अर्थ तिला कोणी सांगितलाच नव्हता. तो अर्थ म्हणजे एका माणसाचे चरित्र होय. ते आपण मूर्तीवरूनच वाचू या.

प्रथम कान पाहा. लांब पाळ्या या राजपुत्राच्या जड कुंडलांची खूण समजतात. कुंडले मात्र नाहीत, ती त्याने टाकून दिली. परंपरेप्रमाणे इ. स. पूर्व ५६३ मध्ये लुंबिनी येथे शाक्य कुळात शुद्धोदन व महामाया यांच्या पोटी सिद्धार्थ जन्मला. आई लवकर गेली आणि मावशी महाप्रजापती गौतमीने त्याला वाढविले. पुढे यशोधरेशी विवाह झाला, राहुल हा पुत्र झाला. वयाच्या २९ व्या वर्षी त्याने घर सोडले. म्हातारा, रोगी व प्रेत पाहून तो गेला, ही कथा परमपूज्य बाबासाहेबांना पटली नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या धम्मग्रंथात कारण वेगळे आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात तंटा पेटला. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि त्यापायी परिव्रज्या पत्करली. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी काय सोसले, हे महाडच्या माणसाला सांगावयास नको. पाण्याचा तंटा म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणास कळणार?

आता हात पाहा. दोन्ही हात मांडीवर असतील तर ती ध्यानमुद्रा. सहा वर्षे देह झिजवून काही हाती लागले नाही, तेव्हा सिद्धार्थाने सुजाताची खीर घेतली आणि तो गयेला पिंपळाखाली बसला. उजवा हात जमिनीला टेकलेला असेल तर ती भूमिस्पर्शमुद्रा. माराने सैन्यासह हल्ला केला व सिद्धार्थाने पृथ्वीला साक्षीस बोलाविले, अशी कथा आहे. मार म्हणजे मनातले दुष्ट विकार. लक्षात घ्या, साक्षीला कोणताही देव बोलाविला नाही. पायाखालची जमीन बोलाविली. वयाच्या ३५ व्या वर्षी तो बुद्ध झाला.

छातीपाशी दोन्ही हातांची बोटे जुळलेली असतील तर ती धम्मचक्रमुद्रा. सारनाथच्या मृगवनात तथागतांनी पाच परिव्राजकांना पहिला उपदेश केला. गांधारपाल्याची हरणे त्याच वनातली आहेत!

उजवा हात वर उचलून तळवा आपल्याकडे केलेला असेल तर ती अभयमुद्रा. पिसाळलेला नालागिरी हत्ती या हातापुढे शांत झाला, अशी कथा सांगतात. पण ४५ वर्षांच्या चारिकेत त्याहून मोठे काम घडले. उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली. मग राजपुत्रांना त्याच्यापुढे वाकावे लागले. रस्ते झाडणारा सुनीत भिक्खू झाला. महाप्रजापतीसह स्त्रियांना संघात स्थान मिळाले. अभय ते हेच.

उजव्या कुशीवर पहुडलेली मूर्ती म्हणजे विश्रांती नव्हे. ते कुसिनारा येथील महापरिनिर्वाण होय. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात ते पाहावयास मिळते. ८० व्या वर्षी तथागत माणसासारखेच गेले. गादीला वारस नेमला नाही. धम्मालाच शास्ता मानण्यास सांगितले. पुढे काही शतके त्यांची मूर्तीही नव्हती. चक्र, पिंपळ, पाऊल आणि स्तूप हीच चिन्हे होती. मूर्ती इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास मथुरा व गांधार येथे घडू लागली.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसविली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बुद्धमूर्तीस वंदन करूनच आपल्याला धम्म दिला. त्यांनी स्वतः रेखाटलेल्या बुद्धांचे डोळे उघडे आहेत. ज्याला जगाचे दुःख पाहावयाचे आहे, तो डोळे मिटून कसा बसेल?

तेव्हा मेणबत्ती लावा, फूल वाहा, वंदना म्हणा. पण मागणे मागू नका. मुलाला जवळ घेऊन विचारा, हा हात जमिनीला का टेकला आहे? माझी आई आता नारळ फोडत नाही. ती नातवंडांना हरणांची गोष्ट सांगते.

जय भीम!