उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद

सोलापूरच्या दोशी घराण्यात दि. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. सौराष्ट्रातील वांकानेरहून आलेले हे दिगंबर जैन कुटुंब सावकारी व कापसाच्या व्यापारात स्थिरावले होते. जन्मानंतर अल्पावधीतच मातृछत्र हरपले. मुंबई व पुणे येथील महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले. पेढीच्या कामात त्यांचे मन रमेना. रेल्वेतील एक कारकून श्री. फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाईट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले. पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत त्यांच्या कामाचा व्याप वाढला. परंतु त्यांच्या जीवनाची खरी कसोटी लागली ती समुद्रावर.

१९१९ साली शेठ नरोत्तम मोरारजी, शेठ किलाचंद देवचंद व सर लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडील 'लॉयल्टी' हे जहाज खरेदी केले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. दि. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. मात्र ते जहाज जुने, खर्चिक होते व अवघ्या चार वर्षांत मोडीत निघाले, ही गोष्ट गौरवाच्या भरात विसरली जाते.

त्या काळी हिंदुस्थानच्या किनारी व्यापारावर ब्रिटिश कंपन्यांची पकड होती. नवी देशी कंपनी उभी राहिली की त्या भाडे एकदम खाली आणीत. स्पर्धक बुडाला की पुन्हा वाढवीत. त्याहून बिकट होती ती परताव्याची पद्धत. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्यातील काही रक्कम कंपनी स्वतःकडे ठेवी आणि मधल्या काळात त्याने दुसऱ्या कुणाच्याही जहाजात माल चढविला नाही, तरच ती परत करी. देशी जहाजाबद्दल मनातून कितीही आस्था असली, तरी अडकलेल्या पैशांवर पाणी सोडण्याचे धैर्य लहान व्यापाऱ्याला कोठून यावे? १९२३ मध्ये सिंदियालाही ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा करार करावा लागला. त्याने कंपनी तगली, पण तिच्या वाढीला मर्यादा पडली.

एकट्या पेढीच्या बळावर ही लढाई जिंकता येणार नाही, हे वालचंदशेठ यांनी ओळखले. १९२७ साली ते इंडियन मर्चंट्स चेंबरचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी त्यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली, कारण मुंबईच्या मोठ्या संस्थांत सोलापूर, नाशिक, सांगली येथील व्यापाऱ्यांचा आवाज क्षीण होता. देशपातळीवरील फिकी या महासंघाचाही जन्म १९२७ चाच; १९३२-३३ मध्ये त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

किनारी व्यापार देशी जहाजांसाठी राखून ठेवावा, ही शिफारस सरकारनेच नेमलेल्या समितीने १९२४ मध्ये केली होती. प्रशिक्षण जहाजाची सूचना सरकारने स्वीकारली, राखीव किनाऱ्याची मात्र नाही. तेव्हा १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. हाजी हे सिंदियाशी संबंधित असल्याने यात कंपनीचा स्वार्थ आहे, असा आक्षेप निघाला. स्वार्थ होताच; तो लपविण्याचे कारणही नव्हते. परंतु व्यापारी मंडळांनी ठराव, निवेदने व शिष्टमंडळांद्वारे हा प्रश्न साऱ्या देशाचा करून दाखविला. विधेयक कायद्यापर्यंत पोहोचले नाही. उलट १९३५ च्या कायद्यात ब्रिटिश जहाजांविरुद्ध भेदभाव करण्यास मनाई करणारी कलमेच घातली गेली.

साखरेच्या बाबतीत यश लवकर आले. टॅरिफ बोर्डाच्या चौकशीनंतर १९३२ मध्ये देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा झाला, आणि जावाच्या साखरेपुढे टिकू न शकणारा हा धंदा काही वर्षांतच फोफावला. रावळगावचा व पाठोपाठ वालचंदनगरचा कारखाना याच काळातील. उधवा-तलासरीच्या परिसरातील वाचकांना जवळचे उदाहरण हवे असेल, तर डहाणू-घोलवडच्या चिकूचे घ्यावे. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते उत्पादक संघ म्हणून एकत्र आले म्हणूनच. एकट्या बागाईतदाराच्या अर्जाने ते घडणे अवघड होते.

पुढे १९४० मध्ये बंगळूरचा विमान कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याचा पाया, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स, अशी कामे झपाट्याने झाली. दि. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणम येथे 'जलउषा' पाण्यात उतरली, तेव्हा पंडित नेहरू उपस्थित होते.

१९४९ मध्ये वालचंदशेठ यांना पक्षाघाताचा झटका आला व पुढील वर्षी ते कामकाजातून निवृत्त झाले. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखण्याचे धोरण स्वतंत्र भारताच्या सरकारने स्वीकारले ते १९५० सालीच, हाजींच्या विधेयकानंतर बावीस वर्षांनी. दि. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.