पिवळ्या गळ्याची चिमणी

आधीच माफी मागते. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी हे घरातलं मराठी. जोडाक्षरांत चूक सापडली तर मेसमध्ये हसा, पण लेख पूर्ण वाचा.

खरं तर मला विषय दिला होता जगातल्या सर्वांत सुंदर आणि रंगीबेरंगी पक्ष्यांचा. मी यादीसुद्धा केली होती. मध्य अमेरिकेतला क्वेट्झल, चीनमधलं मँडरिन बदक, न्यू गिनीतले स्वर्गपक्षी, आपला मोर, आपला नवरंग. मग कळलं की मराठी विभागाची पानं ब्लॅक अँड व्हाइट छापतात, रंगीत पानं जाहिरातदारांसाठी. क्वेट्झल ब्लॅक अँड व्हाइटमध्ये छापला तर शेपूट लांबलेला कावळा दिसेल! यादी बाजूला ठेवली आणि सुट्टीला घरी गेले.

घर म्हणजे शिवाजी पार्क. आजोबा रोज सकाळी पार्काला एक फेरी मारतात आणि नंतर कट्ट्यावर बसतात. मला त्या सुट्टीत दुसरं काही सुचत नव्हतं, कारण एम-थ्रीला केटी लागली होती आणि ते घरी सांगायचं होतं. म्हणून मीही त्यांच्याबरोबर जाऊन बसायला लागले. वरच्या पर्जन्यवृक्षात कोणीतरी टुक् टुक् टुक् असं एकसारखं ठोकत होतं. मला वाटलं बिल्डिंगचं काम चाललंय. आजोबा म्हणाले की तो तांबट. चिमणीएवढाच पक्षी, अंग हिरवं, कपाळ आणि छाती लाल, गळा पिवळा. वीस वर्षं मी या झाडांखालून चाललेय आणि माझ्या यादीत शोभेल असा पक्षी डोक्यावर बसून ओरडत होता, तरी मला माहीत नव्हता. लाज वाटली. आजोबांनी त्यांच्या कपाटातून सलीम अलींचं पक्ष्यांचं पुस्तक काढून दिलं. पुस्तकातले पक्षी राहिले बाजूला, मी लिहिणाऱ्या माणसातच अडकले. त्याला कारणही तसंच आहे.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी सगळ्या भावंडांना गिरगावातल्या खेतवाडीत वाढवलं. पहिली शाळा गिरगावातलीच, मिशनची आणि तीही मुलींची! (हे वाचून मला उगीच जवळीक वाटली.) दादरचं शिवाजी पार्क तेव्हा नव्हतंच, ते मैदान १९२५ साली खुलं झालं.

आता पक्षीप्रेमी म्हटल्यावर आपण समजतो की लहानपणी जखमी पाखरू घरी आणून पाणी पाजलं असेल. छे! या मुलाकडे छऱ्याची एअरगन होती आणि तो चिमण्या मारायचा. एकदा घरट्याबाहेर बसलेला चिमणा मारला, तर चिमणीने दुसरा जोडीदार आणला. तोही मारला, तर तिसरा. सात दिवसांत आठ चिमणे. वाचताना अंगावर काटा येतो. पण गंमत म्हणजे या मुलाने ते सगळं वहीत टिपून ठेवलं होतं. एवढ्या लहान वयात मी फक्त वर्गात बोलणाऱ्यांची नावं टिपत होते.

मग एक दिवस पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची घरातली चिमणी नव्हती. मामांना विचारलं, त्यांनाही सांगता येईना. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला तिथले सचिव मिलर्डसाहेब यांच्याकडे पाठवलं. हे साधारण १९०८ सालचं. मिलर्डनी मुलाला हाकलून दिलं नाही. त्यांनी पक्षी ओळखून सांगितला, पिवळ्या गळ्याची रानचिमणी, आणि कपाटांचे खण एकेक करून उघडून दाखवले. पेंढा भरलेले, चिठ्ठ्या बांधलेले शेकडो पक्षी! बघा, क्वेट्झल नाही, मोर नाही. एक मातकट चिमणी आणि गळ्यावर हळदीचं बोट लागावं तेवढा पिवळा रंग. नीट बघणाऱ्याला तेवढा पुरला.

पुढचा भाग मी केटीवाल्यांसाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय.

सलीम अली अभ्यासात हुशार वगैरे नव्हते. डोकेदुखीच्या त्रासाने शाळा सुटत राहिली, हवापालटासाठी सिंधला पाठवलं, आणि १९१३ मध्ये मॅट्रिक कसंबसं पास झाले. गणिताशी तर जमलंच नाही. सेंट झेवियर्समध्ये गेले, पहिल्याच वर्षानंतर सोडलं आणि ब्रह्मदेशात तव्हॉयला घरच्या वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा बघायला गेले. (वुल्फ्रॅम म्हणजे टंगस्टनचं खनिज, मेकॅनिकलवाल्यांनो. आपल्या कटिंग टूलचा नातेवाईक.) धंदा बघायचा सोडून जंगलात पक्षी बघत फिरले, धंदा काही नीट चालला नाही. १९१७ ला परत मुंबई. दावर्स कॉलेजात अकाउंट्स आणि कमर्शियल लॉ शिकले, आणि झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांच्या आग्रहामुळे प्राणिशास्त्रही. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना यांच्याशी लग्न झालं.

नोकरीचं काय? झूलॉजिकल सर्व्हेमध्ये पक्षितज्ज्ञाची जागा होती, पण यांच्याकडे रीतसर डिग्री नव्हती. जागा गेली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (म्हणजे आत्ताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) गाइड लेक्चरर म्हणून लागले, पगार महिना ३५० रुपये. मी शाळेच्या ट्रिपमध्ये त्याच म्युझियममध्ये काचेतले पक्षी बघत वेफर्स खाल्ले होते, एवढंच आठवतं. दोन वर्षांनी रजा काढून ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझमन या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाकडे शिकले. १९३० मध्ये परत येतात तो काय, पैसे नाहीत म्हणून म्युझियमने ती जागाच रद्द केलेली! वय ३३, डिग्री नाही, नोकरी नाही, घरात बायको. आपल्याकडे कॅम्पसमध्ये एक कंपनी रिजेक्ट करते तर आपण दोन दिवस जेवत नाही.

मुंबईत राहणं परवडेना, म्हणून दोघं अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे झाडावर सुगरणींची वसाहत होती. पावसाळा होता, हाताला काम नव्हतं. सलीम अली झाडाजवळ उंचावर आडोसा करून त्यात रोज तासन् तास बसायला लागले.

सुगरण म्हणजे नावावरून ती घरटं विणणारी असं मला वाटायचं. चूक! विणतो नर. विणीच्या दिवसांत त्याचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते, बाकी वर्षभर तो चिमणीसारखाच दिसतो. तो पात्यांचे धागे काढून घरटं अर्धवट, हेल्मेटएवढं विणतो आणि थांबतो. मग माद्या इन्स्पेक्शनला येतात. आत शिरून तपासतात, ओढून बघतात, न आवडल्यास निघून जातात. (एक्स्टर्नल आठवले की नाही?) एखादीला पसंत पडलं की ती ताबा घेते, मग नर उरलेलं घरटं आणि लांब नळी पूर्ण करतो. इथपर्यंत लोकांना अंदाज होता. सलीम अलींनी रोजच्या नोंदींवरून पुढचं दाखवलं. एकीने अंडी घातली की नर लगेच जवळच दुसरं घरटं सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. जमलं तर तिसरं. म्हणजे एकाच मोसमात एकामागून एक संसार. हे कोणी आधी नीट पाहिलेलं नव्हतं. सोसायटीच्या नियतकालिकात तो निबंध छापून आला आणि बेकार माणसाचं नाव पक्षिशास्त्रात झालं. चिमण्या मारून आठपर्यंत मोजणारा मुलगा आणि आडोशात बसून न मारता मोजणारा हा माणूस, मधे वीसेक वर्षं गेली होती. नंतरही अभ्यासासाठी त्यांनी बंदूक वापरली, ते काही त्यांनी लपवलं नाही. त्या काळात नमुना हातात घेतल्याशिवाय जात ठरवता येत नसे. तरी मला ते थोडं खटकतंच.

त्यानंतर संस्थानांची पक्षी-पाहणी त्यांनी अंगावर घेतली, हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. पगार मागायचा नाही, खर्च संस्थानाने करायचा, असा हिशोब. तेहमिना तंबूत, बैलगाडीत बरोबर असायच्या. १९३९ मध्ये एका छोट्या ऑपरेशननंतर त्या वारल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही, वांद्र्याला बहिणीकडे राहिले. १९४१ ला ते पुस्तक आलं, जे आजोबांच्या कपाटात आहे. पुढे डिलन रिप्ले यांच्याबरोबर भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचे दहा खंड, १९६८ ते १९७४.

बॉइज हॉस्टेलसाठी एक गोष्ट. या गृहस्थांना मोटारसायकलचं भयंकर वेड. हार्ले-डेव्हिडसन, डग्लस, स्कॉट, बऱ्याच गाड्या झाल्या. १९५० मध्ये स्वीडनला उपसाला इथे जागतिक पक्षी परिषद होती. त्रेपन्नाव्या वर्षी यांनी आपली सनबीम बोटीवर चढवली आणि युरोपात उतरून ती चालवत गेले. फ्रान्समध्ये लागलं, जर्मनीच्या दगडी रस्त्यांवर आपटले, पण पोहोचले. तिथे बोलबाला झाला की हा माणूस थेट हिंदुस्थानातून बाइकवर आलाय!

आता रंगांकडे वळते, कारण संपादकांना विषय दिलाय. मोराचा निळा-हिरवा हा रंग मुळात रंगद्रव्याचा नाहीच, पिसातल्या मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्यांची जाळी प्रकाश अशी परतवते की आपल्याला तो रंग दिसतो. पीस कुटून पूड केली तर निळा उडून तपकिरी उरतो. मोराला १९६३ मध्ये राष्ट्रीय पक्षी केलं. सलीम अलींचं मत वेगळं होतं. त्यांना माळढोक हवा होता. मीटरभर उंच, वजनदार, मातकट तपकिरी, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये छापला तरी फारसं न बिघडणारा पक्षी! मोर सगळीकडे होता आणि श्रद्धेमुळे सांभाळलाही जात होता. माळढोकाला कोणी वाली नव्हता, मान मिळाला असता तर गवताळ माळही वाचले असते, असा त्यांचा विचार. ऐकलं गेलं नाही. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं, तिथे आज तो दिसणं दुर्मीळ झालंय. देशभरात मिळून दोनशेपेक्षा कमी उरलेत, बहुतेक राजस्थानात. आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनो, आता त्यांना मारणाऱ्या मोठ्या कारणांपैकी एक आपल्या हाय टेन्शन लाइन्स आहेत. या पक्ष्याला समोरचं कमी दिसतं, जड शरीर ऐन वेळी वळत नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने या तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं, नंतर सोलर आणि विंडच्या प्रकल्पांचं काय असा प्रश्न आला आणि २०२४ मध्ये कोर्टाने समिती नेमली. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. आपल्यातलेच कोणीतरी उद्या त्या लाइन्स डिझाइन करणार आहेत, म्हणून लिहिलं.

पद्मभूषण १९५८, पद्मविभूषण १९७६, राज्यसभा १९८५. भरतपूरचं पाणथळ आणि केरळची सायलेंट व्हॅली वाचवणाऱ्यांतही ते होते. २० जून १९८७ ला मुंबईत गेले. शिवडीच्या चिखलात हजारो गुलाबी फ्लेमिंगो यायला लागले ते त्यानंतर, १९९० च्या दशकात. ते त्यांचं बघायचं राहिलं. त्यांनी कच्छच्या रणात लाखोंनी पाहिले होते, तेव्हा वाईट वाटायला नको, पण घरापासून इतक्या जवळ...

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत माझ्या वहीत पार्कातले चौदा पक्षी झाले. मराठी नावं मारुती चितमपल्लींच्या पक्षिकोशातून घेतली. दयाळ, शिंजीर, नाचण, खंड्या, एकदा पिवळाजर्द हळद्यासुद्धा. पिवळ्या गळ्याची चिमणी अजून दिसलेली नाही. केटीचं मी कट्ट्यावरच सांगून टाकलं, तांबट ओरडत होता तेव्हा. आजोबा थोडा वेळ वर झाडात बघत बसले आणि मग त्यांनी फॉर्म भरायची शेवटची तारीख विचारली.