उबेचा हिशेब मांडणारा काउंट

१ जानेवारी १७९०. बव्हेरियाची राजधानी म्युनिक थंडीने गारठलेली. नववर्षाच्या दिवशी दानधर्म सढळ हाताने होतो, म्हणून शहरातले भिकारी रस्तोरस्ती पसरलेले. अशात एक रुबाबदार लष्करी अधिकारी दंडाधिकाऱ्यांना बरोबर घेऊन बाहेर पडला आणि समोर आलेल्या पहिल्याच भिकाऱ्याला त्याने स्वतः पकडले. आठवडाभरात अशा सुमारे २,६०० जणांची नोंद झाली. मात्र त्यांची रवानगी तुरुंगात झाली नाही. त्यांना कामशाळेत बोलावण्यात आले. तिथे ऊबदार खोल्या होत्या, गरम जेवण होते आणि हाताला काम होते.

हा अधिकारी म्हणजे बेंजामिन थॉम्पसन, अर्थात काउंट रमफर्ड. तोफेच्या नळीला भोक पाडताना घर्षणाने पाणी उकळते, हे दाखवणारा शास्त्रज्ञ म्हणून पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असतो. गरिबाच्या घरातली ऊब वाया जाऊ नये यासाठी त्याने केलेला खटाटोप मात्र फारसा कुणाला आठवत नाही.

थॉम्पसनचा जन्म १७५३ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावचा. वडील लहानपणीच गेले. पोरवयात तो एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागला. एकोणिसाव्या वर्षी त्याने एका श्रीमंत विधवेशी लग्न केले आणि त्याचे नशीब पालटले. पण अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले तेव्हा त्याने इंग्रजांची बाजू धरली, त्यांना बातम्या पुरवल्या आणि अखेर बायको व तान्ह्या मुलीला मागे टाकून इंग्लंड गाठले. माणूस हुशार, महत्त्वाकांक्षी आणि तितकाच आपमतलबी. त्याचे चरित्र वाचताना हे नजरेआड करता येत नाही.

बव्हेरियाच्या इलेक्टरच्या पदरी त्याने सुमारे अकरा वर्षे काढली. सैन्याची सुधारणा हे त्याचे काम. सैनिकांचे कपडे कामशाळेतल्या गरिबांकडून तयार करून घ्यायचे, अशी त्याने सांगड घातली. खर्चासाठी सरकारचा आधार होता आणि नागरिकांची वर्गणीही. आता प्रश्न होता शेकडो माणसांच्या रोजच्या जेवणाचा. बार्ली, वाटाणे आणि बटाटे यांचे घट्ट सूप स्वस्तात होई, पण ते शिजवायला लाकूड लागे. उघड्या चुलीची बरीचशी आच भांड्याला लागण्याऐवजी धुराबरोबर निघून जाई.

थॉम्पसनने चूलच बदलली. विस्तव विटांच्या बांधकामात कोंडला, भांडे त्यात खोल बसवले, हवा आत घेण्याच्या वाटेला झडप लावली. लाकडाची मोठी बचत झाली. याच सुमारास लोकर, पिसे आणि फर यांवर प्रयोग करून त्याने दाखवले, की ऊब राखते ती मुख्यतः त्यांच्यात अडकून पडलेली हवा. आपल्या गोधडीचे मर्मही हेच, आणि थंड प्रदेशातल्या दुहेरी काचेच्या खिडकीचेही!

पुढे काउंट ही पदवी मिळाल्यावर त्याने रमफर्ड हे नाव घेतले. ते त्याच्या सासुरवाडीच्या गावाचे जुने नाव होते. १७९५ साली तो लंडनला परतला, तेव्हा तिथल्या घराघरांत धुराचा त्रास होता. त्याने शेकोटी उथळ केली, तिच्या बाजू तिरप्या केल्या, धुराड्याचा गळा अरुंद केला. धूर वर जाऊ लागला आणि ऊब खोलीत येऊ लागली. साध्या गवंड्याला जमेल असे हे काम. त्याने त्याचे पेटंट घेतले नाही, उलट सारी कृती छापून लोकांपुढे ठेवली. १७९९ साली लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन उभी करण्यात त्याचा पुढाकार होता, तोही विज्ञान रोजच्या वापरात यावे म्हणूनच.

घरांना ऊब देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र ऊब टिकली नाही. मागे टाकलेली मुलगी त्याला भेटली ती वीस वर्षांनी. थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याच्या विधवेशी केलेला दुसरा संसारही काही वर्षांतच मोडला. १८१४ साली पॅरिसजवळ ओतय येथे त्याचे निधन झाले.

१९७३च्या तेलटंचाईनंतर, १९७६ साली अमेरिकन सरकारने कायदा करून गरिबांच्या घरांच्या फटी बुजवण्याची आणि छताला उष्णतारोधक थर देण्याची योजना आखली. आपल्याकडे १९८३ साली सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना सुरू झाली, ती २००२पर्यंत चालली. सरकारी अनुदानाने चुली घरोघर आल्या, पण ज्या बाईला त्यावर रांधायचे तिची सोय पाहिली गेली नाही, तिथे त्या लवकरच अडगळीत पडल्या.

रमफर्डनेही म्युनिकच्या भिकाऱ्यांना काही विचारले नव्हते. पण रोज धुराड्यातून जाणारा पैसा शेवटी गरिबाच्याच खिशातून जातो आणि चूल एकदा नीट बांधली की तो रोज वाचतो, हा त्याचा हिशेब चोख होता. तो आजही चुकलेला नाही. त्यात चूल फुंकणाऱ्या माणसाचे मत तेवढे मांडायचे राहून गेले होते.