प्रकाशाचं नोबेल मिळण्याआधी सी. व्ही. रामन तबल्याच्या मागे लागले होते

नाशिक ढोल वाजला की अख्खी गल्ली हादरते, पण त्यावर कुणी सूर लावत नाही. तबला मात्र हातोडीने ठोकून गायकाच्या षड्जाला लावतात. दोन्हीकडे ताणलेला पडदाच, मग फरक कुठून आला?

याचं उत्तर शोधलं सी. व्ही. रामन यांनी.

जन्म १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. वडील व्हायोलिन वाजवायचे. १९०७ मध्ये रामन सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी झाले. कलकत्ता, मग रंगून, नागपूर, पुन्हा कलकत्ता अशा बदल्या झाल्या. पण कलकत्त्यात ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर गडी बहूबाजारातल्या प्रयोगशाळेत! १९१७ मध्ये तर त्यांनी ही पक्की नोकरी सोडली आणि कमी पगारावर विद्यापीठात प्राध्यापक झाले.

तेव्हा डोक्यात होतं व्हायोलिन. गज तारेला चिकटून तिला ओढतो, तार सुटते, पुन्हा चिकटते. हे जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी आधीच पाहिलं होतं. रामन यांनी त्याचा हिशोब मांडला. गजापासून दोन्हीकडे लहरी धावतात, टोकाला आपटतात, थोडा जोर गमावून परततात, आणि तार चिकटणार की सुटणार हे त्यावर ठरतं. १९१८ मध्ये त्यांनी हे सगळं पायरीपायरीने कागदावर काढून दाखवलं. कॉम्प्युटर नसताना! पडताळायला व्हायोलिन वाजवणारं यंत्रही बनवलं.

१९२० मध्ये तबला-मृदंगाची पाळी. साध्या पडद्याची कंपनं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून नुसता दणका ऐकू येतो. मधल्या काळ्या शाईच्या वजनाने ती दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सुरेल प्रमाणात येतात. पुढे १९३४ मध्ये पडद्यावर बारीक वाळू पसरून त्यांनी दाखवलं, की नऊ प्रकारची कंपनं पाचच सुरांत बसतात. शाई भरणाऱ्या कारागिरांना हे कानाने कळलेलं होतंच म्हणा.

तंबोऱ्याच्या जवारीवर त्यांनी १९२१ मध्ये लिहिलं. घोडीचा बाक आणि तारेखालचा दोरा यांमुळे, नियमाने गायब व्हायला हवेत ते स्वरही ऐकू येतात.

१९३० चं नोबेल मिळालं ते प्रकाशाच्या संशोधनाला. १९७० मध्ये रामन गेले. १९८० च्या दशकात कॉम्प्युटरवर गजाने वाजणारी तार उभी करताना संशोधकांनी त्यांच्याच मांडणीचा आधार घेतला. त्या सोप्या गणिताला या क्षेत्रात आजही ‘रामन मॉडेल’ म्हणतात.